थांबलेला चेंडू कुणाचा?

शाळकरी मुलींच्या फुटबॉल सामन्यात गोल किकची वेळ आली की तंजावरच्या मैदानावर जे घडतं, तेच कोल्हापुरात आणि नागपुरातही घडतं. गोलकीपर चेंडू गोल एरियाच्या रेषेवर ठेवते आणि बाजूला सरकते. किक मारायला बचावफळीतली, पायात त्यातल्या त्यात जोर असलेली मुलगी मागे धावत येते. तोवर समोरच्या संघातल्या तिघी-चौघी पेनल्टी एरियाच्या कडेला टपून उभ्या राहिलेल्या असतात. चेंडू उडतो, पंचवीस-तीस मीटरवर पडतो, दोन्ही संघांच्या आठ-दहा जणी त्याच्यावर एकदम झेपावतात आणि त्या घोळक्यातून तो बहुतेक वेळा समोरच्यांच्याच पायात जातो. किक मारणारी मुलगी अजून स्वतःच्या गोलसमोरच असते. ती इतकी मागे असल्यामुळे समोरची एकही फॉरवर्ड ऑफसाइड ठरत नाही. दोन पास होतात आणि गोल बसतो. मग सगळं मैदान गोलकीपरकडे रागाने बघतं.

खरं तर चेंडू थांबलेला होता. पंचांनी तो याच संघाला दिला होता. हिसकावून घ्यायला जवळ कुणी येऊ शकत नव्हतं, कारण नियमच तसा आहे. इतक्या निवांत अवस्थेतला चेंडू पाच सेकंदांत हातचा जातो, आणि सामन्यात असं पुन्हा पुन्हा होतं. गोल किक, थ्रो-इन, कॉर्नर, फ्री किक, मध्यावरून होणारी सुरुवात या सगळ्यांना मिळून खेळाडू रिस्टार्ट म्हणतात. मुलींच्या फुटबॉलमध्ये सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात मोठी सुधारणा इथेच होऊ शकते, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी गवताचं मैदान लागत नाही, परदेशी प्रशिक्षक लागत नाही. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं लागतात आणि ती देणारं माणूस लागतं.

मराठी माणूस तंजावरला जातो तो बहुधा सरस्वती महाल ग्रंथालयासाठी आणि बृहदीश्वराच्या मंदिरासाठी. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या त्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास वाचताना ऊर भरून येतो, हे मीही अनुभवलं आहे. पण याच गावात आजच्या मुली काय करतात, हे बघायचं तर अन्नई सत्या क्रीडांगणाकडे वळावं लागतं. गावातलं एक कॉलेज सरफोजींच्या नावाने आहे आणि मुलींचं सरकारी कॉलेज राजराजाची बहीण कुंदवै हिच्या नावाने. त्या वयाच्या मुली या क्रीडांगणावर धावतात, कबड्डी खेळतात, व्हॉलीबॉल खेळतात आणि आता फुटबॉलही खेळतात. तमिळनाडू क्रीडा विकास प्राधिकरणाचं जिल्हा पातळीवरचं जाळं आणि अलीकडच्या मुख्यमंत्री चषक स्पर्धा यांमुळे शाळा-कॉलेजातल्या मुलींना निदान मैदानापर्यंत यायला एक दार उघडं आहे.

तंजावर हे काही महिला फुटबॉलचं केंद्र नव्हे. ते केंद्र त्याच रेल्वेमार्गावर, कुंभकोणम, मयिलादुतुरै, चिदंबरम ओलांडून पुढे कडलूरला आहे. तमिळनाडूच्या महिला फुटबॉलची गोष्ट सांगायची तर कडलूरपासूनच सुरुवात करावी लागते. मासेमारांची आणि शेतमजुरांची वस्ती असलेला हा किनारपट्टीचा जिल्हा. २००४ च्या त्सुनामीने तो झोडपला. त्यानंतर सरकारी निवासगृहांत वाढलेल्या काही मुलींच्या पायाशी चेंडू आला आणि त्यांतून खेळाडू घडल्या. इथल्या इंदिरा गांधी क्रीडा आणि शिक्षण अकादमीचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला. कडलूरचीच इंदुमती कथिरेसन भारताच्या मधल्या फळीत खेळली आणि तमिळनाडू पोलिसांत उपनिरीक्षक झाली. संध्या रंगनाथनही याच जिल्ह्यातली, तीही भारतासाठी खेळली.

२०१८ मध्ये कटकला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तमिळनाडूने मणिपूरला २-१ असं हरवलं. मणिपूर म्हणजे या स्पर्धेची जवळपास मालकीणच, आणि तमिळनाडूचं ते पहिलंच विजेतेपद. पुढच्या वर्षी मदुरैच्या सेतू एफसीने लुधियानात मणिपूर पोलिसांना ३-१ ने हरवून इंडियन विमेन्स लीग जिंकली. २०२३ मध्ये अमृतसरला हरियाणाला २-१ हरवून तमिळनाडू पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला. म्हणजे जिल्ह्याच्या मैदानावर उघड्या मातीत खेळणाऱ्या मुलीपासून राष्ट्रीय करंडकापर्यंतची वाट या राज्यात आखलेली आहे. प्रश्न त्या वाटेच्या पहिल्या टप्प्याचा आहे. तिथे ज्या सवयी लागतात त्या पुढे सुटता सुटत नाहीत.

गोल किकचा नियम २०१९ मध्ये बदलला, तरी शाळांच्या मैदानांवर तो अजून पुरता पोचलेला नाही. पूर्वी गोल किक मारल्यावर चेंडू पेनल्टी एरियाच्या बाहेर गेल्याशिवाय तो खेळात आहे असं मानत नसत. म्हणजे साडेसोळा मीटरच्या त्या चौकटीबाहेर चेंडू धाडणं भागच होतं. आता चेंडूला पाय लागून तो हलला की खेळ सुरू. स्वतःची खेळाडू चौकटीच्या आत उभी राहून तो घेऊ शकते, समोरच्यांना मात्र किक होईपर्यंत बाहेरच थांबावं लागतं. पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये या एका बदलाने बचावाची सगळी मांडणी बदलली. मुलींना तर हा नियम जास्तच उपयोगाचा. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने तो जमिनीवरून उचलून चाळीस मीटर लांब मारावा अशी अपेक्षा धरण्यात काही शहाणपण नाही. ती वीस मीटर सरळ आणि जमिनीलगत मारू शकते, तीही चांगल्या वेगाने.

मग करायचं काय? गोलकीपरनेच चेंडूमागे उभं राहायचं. तिच्या डाव्या-उजव्या हाताला दोन सेंटर-बॅक, गोल एरियाच्या कोपऱ्यांपाशी. दोन्ही साइड-बॅक टचलाइनला चिकटून, थोड्या पुढे. मधल्या फळीतली एक मुलगी चौकटीच्या तोंडाशी, पाठीमागे कोण आहे ते मान वळवून पाहत. आता समोरच्या संघापुढे पेच आहे. त्यांनी दोघींना पुढे पाठवलं, तर आपल्या तिघी मोकळ्या. चौघींना पाठवलं, तर त्यांच्या मधल्या फळीत भगदाड. गोलकीपरने हे बघून ठरवायचं, आधी ठरवून बघायचं नाही. ही शिस्त पायापेक्षा डोळ्यांची आहे. मैदानावरच्या मुलींना ती समजावून दिली की फार लवकर उमगते, कारण त्यात हिशेब आहे आणि हिशेबाची गंमत त्यांना कळते.

लांब किक वाईट असते असं मात्र मी म्हणणार नाही. लांब मारायचं तर ठरवून मारायचं, एवढंच. पूर्ण संघ एका टचलाइनकडे सरकवायचा, किक त्याच बाजूला, आणि जिच्याकडे चेंडू जाणार तिच्या आजूबाजूला चौघींनी आधीच जागा धरायची: एक पुढे, एक आतल्या बाजूला, दोघी मागे. पहिला स्पर्श समोरच्या मुलीचा झाला तरी बिघडत नाही. तो चेंडू कुठेतरी उडणार आहे आणि उडून जिथे पडेल तिथे आपली माणसं आहेत. याला खेळाडू ‘सेकंड बॉल’ म्हणतात. टचलाइनजवळ खेळण्याचा आणखी एक फायदा असा की चेंडू गेलाच तर बहुधा बाहेर जातो आणि सावरायला वेळ मिळतो. मैदानाच्या मधोमध गेलेला चेंडू थेट गोलकडे येतो.

लहान मुलींना हवेतल्या चेंडूला डोकं लावायची भीती वाटते आणि ती भीती रास्त आहे. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेडिंग बंद केलं. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढून टाकलं गेलं. आपल्याकडे अजूनही ‘घाबरतेस काय, डोकं घाल’ असं ओरडणारे शिक्षक आहेत. ज्या संघाला जमिनीवरचे रिस्टार्ट येतात त्याला हे ओरडणं लागतच नाही.

हे सगळं ज्या खेळात सर्वांत बारकाईने घासूनपुसून घेतलं गेलं, तो खेळ आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिला असेल: आयर्लंडचा गेलिक फुटबॉल. ज्या देशाचं पंतप्रधानपद मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांच्या मुलाने, लिओ वराडकर यांनी, दोनदा भूषवलं, त्या देशाचा हा राष्ट्रीय जिव्हाळ्याचा खेळ. पंधरा-पंधरा खेळाडू, आपल्या फुटबॉलपेक्षा बरंच मोठं मैदान, चेंडू हातात धरता येतो, पायाने मारता येतो, मुठीने पास देता येतो. गोलच्या आडव्या खांबाखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून दोन्ही उभ्या खांबांमधून गेला तर साधारणपणे एक. महिलांची स्वतंत्र संघटना १९७४ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी टिपरेरी परगण्याच्या संघाने ऑफली परगण्याला हरवून पहिलं अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं. २०१९ मध्ये महिलांच्या अंतिम सामन्यांच्या दिवशी डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ५६,११४ प्रेक्षक होते.

या खेळात प्रत्येक गुणानंतर, आणि चेंडू समोरच्यांनी बाहेर मारल्यावरही, खेळ गोलकीपरच्या किकने सुरू होतो. तिला किकआउट म्हणतात. आपल्या फुटबॉलमध्ये सामन्यात दोन-तीन गोल होतात, तिथे वीस-पंचवीसदा गुण होतात. २०२१ चा महिलांचा अंतिम सामना घ्या. मीथ १-११, डब्लिन ०-१२. म्हणजे मीथचा एक गोल आणि अकरा पॉइंट, एकूण चौदा गुण; डब्लिनचे बारा. दोन्हीकडची मिळून चोवीस वेळा गुणांची नोंद झाली. तितके किकआउट फक्त गुणांनंतरचे, बाहेर गेलेले चेंडू वेगळेच. साठ मिनिटांच्या सामन्यात दर दोन-अडीच मिनिटांनी चेंडू थांबतो, आणि तो कुणाचा हे नव्याने ठरतं. जो संघ स्वतःचे किकआउट राखतो आणि समोरच्यांचे दर चारांतून एक जरी पळवतो, तो सामना हातात ठेवतो.

म्हणूनच तिथे गोलकीपर हा आक्रमणाचा पहिला खेळाडू मानला जातो. पुरुषांच्या डब्लिन संघाचा स्टीफन क्लक्स्टन याने २००० नंतरच्या दोन दशकांत हा विचार पक्का रुजवला. त्याच्याआधी किकआउट म्हणजे जमेल तितका लांब फटका आणि मध्यात उंच उड्या. त्याने चेंडू धावत्या खेळाडूच्या पुढ्यात, ठरल्या जागी, समोरचे सावरायच्या आत टाकायला सुरुवात केली. महिलांच्या खेळात हे आणखी सूक्ष्म झालं, कारण त्यांचा चेंडू चार नंबरचा, थोडा लहान, आणि पुरुषांना जमिनीवरचा चेंडू पायाने उचलून हाती घ्यावा लागतो तसं बंधन महिलांना नाही. त्या तो थेट हाताने उचलू शकतात. त्यामुळे उडालेला चेंडू खाली पडल्यावरची झटापट क्षणात निकाली निघते. जिने आधी जागा ओळखली तिचा चेंडू.

किकआउट पळवण्याचे त्यांचे मार्ग मोठे पाहण्यासारखे आहेत. एक संघ प्रत्येकीला एकेक बांधून ठेवतो आणि गोलकीपरला लांब मारायला भाग पाडतो; मध्यात मात्र त्यांच्या उंच मुली तयार असतात. दुसरा संघ मुद्दाम एक बाजू उघडी ठेवतो. गोलकीपर तिकडे छोटी किक मारते आणि चेंडू हवेत असतानाच तिघी त्या मुलीवर झडप घालतात, टचलाइन पाठीशी असल्यामुळे तिला पळायला वाट नाही. तिसरा संघ एरवी लांब किक चालवून घेतो, पण गुण झाला की पुढच्या किकआउटला सगळे मिळून दाबतो, कारण नुकताच गुण गमावलेली गोलकीपर घाईत असते. आणि राखणाऱ्यांचे उतारेही तसेच. दोघी एकमेकींच्या वाटेतून तिरक्या धावतात म्हणजे पाठीवरच्या दोघी आपसात अडखळतात. एक आधी पुढे येते, तिच्यामागे रिकामी झालेली जागा दुसरी घेते. गोलकीपरचा हात कुठल्या कानाला लागला यावरून चेंडू कुठे येणार ते ठरलेलं असतं.

कॉर्कचा २०१४ चा अंतिम सामना मला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो. एमन रायन नावाचे शिक्षकी पेशातले प्रशिक्षक २००४ पासून कॉर्कच्या महिला संघामागे होते आणि त्यांच्या हाताखाली या संघाने अखिल आयर्लंड विजेतेपदांची रांग लावली. पण त्या दिवशी डब्लिनविरुद्ध सामना संपायला साधारण पाव तास उरला असताना कॉर्क दहा गुणांनी मागे होता. तरी शेवटी आकडे होते कॉर्क २-१३, डब्लिन २-१२. एका गुणाने जिंकले. आता विचार करा. कॉर्कने गुण केला की दर वेळी चेंडू जायचा डब्लिनच्या गोलकीपरकडे. म्हणजे प्रत्येक गुणानंतर चेंडू हक्काने समोरच्यांचा. दहा गुणांची दरी पंधरा मिनिटांत भरायची तर तो पुन्हा पुन्हा, त्यांच्या हक्काच्या क्षणी, त्यांच्याकडून परत घ्यावा लागतो. नुसत्या चांगल्या नेमबाजीने हे होत नाही. रायन २०२१ मध्ये वारले, पण कॉर्कच्या त्या पिढीने मूलभूत कौशल्यांचा जो ध्यास धरला होता, तो आजही तिथल्या प्रशिक्षकांच्या बोलण्यात असतो.

मीथची गोष्ट तंजावरसारख्या ठिकाणाला अधिक जवळची आहे. २०२० मध्ये हा संघ दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत खेळत होता आणि ती जिंकून वर आला. पुढच्याच वर्षी सलग चार वेळा विजेत्या डब्लिनला हरवून तो सर्वोच्च करंडक घेऊन गेला, आणि २०२२ मध्ये केरीला हरवून त्याने तो राखला. विकी वॉलसारखी ताकदवान खेळाडू आणि गोलमध्ये मोनिका मॅक्गर्क, पण बाकी संघात वलयांकित नावं नव्हती. खालच्या पायरीवरून आलेल्या संघाने मोठ्यांशी बरोबरी कुठून साधायची? वेग आणि ताकद एका वर्षात वाढत नाही. ठरवून केलेल्या हालचाली एका वर्षात नक्की बसतात.

आपल्या फुटबॉलमध्ये किकआउटचा खरा भाऊ गोल किक नसून थ्रो-इन आहे. एका सामन्यात चाळीस-पन्नास थ्रो-इन सहज होतात, शाळकरी सामन्यात तर त्याहून जास्त, कारण चेंडू सारखा बाहेर जातो. तरी सरावात त्यांना कुणी दहा मिनिटं देत नाही. डेन्मार्कच्या थॉमस ग्रोनेमार्कला लिव्हरपूलने २०१८ मध्ये केवळ थ्रो-इन शिकवायला नेमलं, तेव्हा इंग्लंडमध्ये जाणकारांनी थट्टा केली होती. पुढच्या दोन वर्षांत लिव्हरपूलने युरोपचा आणि इंग्लंडचा किताब मिळवला. त्याचं श्रेय थ्रो-इनला देणं वेडेपणा होईल, पण थट्टा बंद झाली.

थ्रो-इनची अडचण साध्या बेरजेत आहे. चेंडू फेकणारी मुलगी रेषेबाहेर, म्हणजे मैदानात आपल्या दहा आणि त्यांच्या अकरा. त्यातून चेंडू टचलाइनपाशी, जिथे निम्मी दिशा बंद. त्यामुळे आपला थ्रो-इन हा दिसतो तितका आपला नसतो. तो राखायला तीन हालचाली पुरतात आणि त्या कोणत्याही मुलीला शिकवता येतात. एक जण फेकणारीकडे धावत येते आणि शेवटच्या क्षणी थांबते. दुसरी तिच्या मागून, रेषेला समांतर, पुढे पळते. थ्रो-इनवर थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, हे तिला ठाऊक असलं पाहिजे; मी पाहिलेल्या कितीतरी मुलींना ते ठाऊक नसतं आणि त्या नाहक मागे राहतात. तिसरी आतल्या बाजूला, थोडी मागे. फेकलेला चेंडू पायाशी किंवा मांडीवर, कमरेवर उसळेल असा कधीच नाही. आणि फेकणारीने लगेच आत यायचं. तिच्यावर बहुधा कुणाचंच लक्ष नसतं, परतीचा चेंडू तिलाच मिळतो. समोरच्यांनी नियमाप्रमाणे दोन मीटर दूर राहायला हवं, तेही पंचांना आठवण करून द्यावं लागतं.

उलट बाजूने पाहिलं तर समोरच्यांचा थ्रो-इन ही आपली शिकार करण्याची जागा. रेषेबाहेरच्या मुलीला सोडून द्यायचं, आतल्या प्रत्येकीला धरायचं, जास्तीची एक आतल्या वाटेवर उभी करायची. घाबरलेला संघ चेंडू हवेत लांब फेकतो. तो आपलाच.

कॉर्नरबद्दल जगात इतकं लिहिलं जातं की इथे थोडक्यातच बोलतो. २०१५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात व्हँकुव्हरला अमेरिकेने जपानविरुद्ध पहिल्या पाच मिनिटांत दोन गोल केले. दोन्ही कार्ली लॉइडचे, पहिला जमिनीलगतच्या कॉर्नरवरून, दुसरा फ्री किकवरून. उंच उडवलेल्या चेंडूची वाट पाहत जपानच्या मुली गोलसमोर थांबल्या आणि चेंडू खालून आला. त्याच जपानने चार वर्षं आधी फ्रँकफर्टला अमेरिकेविरुद्ध ११७ व्या मिनिटाला बरोबरी साधली होती, तीही आया मियामाच्या कॉर्नरवर होमारे सावाने जवळच्या खांबाकडे धाव घेऊन. कॉर्नरवरच्या या दोन्ही गोलांमध्ये ताकदीपेक्षा धावेची वेळ महत्त्वाची होती. मुलींच्या संघांना उंचीची कमतरता असते म्हणून कॉर्नर वाया जातात, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन गोल मुलींना दाखवावेत.

२०२५ पासून आणखी एक नियम आला आहे, आणि तो शाळकरी गोलकीपरला थेट भिडतो. हातात धरलेला चेंडू तिने आठ सेकंदांत सोडला नाही तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून मोजतात. पूर्वी सहा सेकंदांचा नियम कागदावर होता, पण पंच तो क्वचितच लावत. चेंडू पकडून तो छातीशी धरून उभं राहणं ही घाबरलेल्या मुलीची सवय, आणि बाकी दहा जणी मागे परतेपर्यंत आठ सेकंदं सरतात. म्हणून चेंडू पकडला गेला की दोघींनी तत्काळ टचलाइनकडे पसरायचं, हे अंगवळणी पाडावं लागेल.

तंजावरच्या मातीचा प्रश्न वेगळाच. हा कावेरीचा त्रिभुज प्रदेश, तमिळनाडूचं भाताचं कोठार. १२ जूनला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायची इथे परंपरा आहे, आणि तुम्ही दिवाळी अंक वाचता त्या दिवसांत इथे ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो. ओल्या चिकणमातीत चेंडू घरंगळत जात नाही, जागीच रुततो. गोलकीपरने वीस मीटरवर सरळ मारलेला चेंडू बारा मीटरवर थांबतो आणि त्याच्याकडे समोरची फॉरवर्ड आधी पोचते. मे महिन्यात त्याच मैदानाची वीट होते, चेंडू उसळून नडगीला लागतो. पुस्तकातला रिस्टार्ट इथे तसाच्या तसा चालत नाही. पावसात छोटी किक बंद करून साइड-बॅककडे गुडघाभर उंच किक, उन्हाळ्यात दोन स्पर्शांऐवजी एकाच स्पर्शात खेळ, असे बदल मैदानावरचाच माणूस करू शकतो. आणि तो माणूस बहुतेक शाळांमध्ये व्यायामशिक्षक असतो, ज्याच्याकडे ॲथलेटिक्सपासून खो-खोपर्यंत सगळंच असतं.

म्हणून प्रशिक्षक घडवण्याचा मुद्दा मला खेळाडू घडवण्याइतकाच मोठा वाटतो. आपल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर यांनी खेळाडू म्हणून सुरुवात करून आशियाई महासंघाचा ‘अ’ दर्जाचा प्रशिक्षक परवाना मिळवला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या तळागाळातल्या कार्यक्रमाची धुरा सांभाळली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे होऊ शकतं, तर कावेरीच्या काठावरूनही होईल. भारतीय महिलांनी जुलै २०२५ मध्ये चियांग माईला थायलंडला २-१ ने हरवून, पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशियाई चषकात जागा मिळवली. त्या आनंदाचा ओघ जिल्ह्यातल्या व्यायामशिक्षकाच्या प्रशिक्षणापर्यंत यायला हवा.

आणि गोलकीपर. शाळेच्या संघात ती सगळ्यात शेवटी निवडली जाते, धावायला जिला जमत नाही ती. तिला सरावात फक्त चेंडू अडवायला उभं करतात. चेन्नईत जन्मलेली अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम संघाकडून खेळली आणि तिथल्या लीगमध्ये उतरणारी पहिली भारतीय महिला ठरली. तीही गोलकीपरच. भारतीय मुलगी या जागेवरून इतक्या लांब पोचू शकते, हे शाळेच्या संघात कुणाच्या मनातही येत नाही. त्या मुलीला स्वतःची गोल किक स्वतः मारू द्यावी. ती चुकेल. एखादा गोलही खाईल.

इथेच खरी अडचण आहे, आणि ती मुलींची नाही. शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. एक सामना हरला की वर्ष संपलं. अशा स्पर्धेत कुठला शिक्षक गोलकीपरला चुका करू देईल? तो बचावफळीतल्या जोरदार पायाच्या मुलीलाच मागे बोलावणार आणि चेंडू लांब उडवायला सांगणार. जिल्ह्यातल्या सहा-आठ शाळांनी मिळून शनिवारी सकाळी साखळी सामने खेळले, हरल्यावरही पुढचा शनिवार असेल याची खात्री दिली, तर गोलकीपरला तिची किक मिळेल आणि थ्रो-इनला दहा मिनिटं मिळतील. त्यासाठी अन्नई सत्या क्रीडांगणाचा एक कोपरा, दोन चेंडू, एक शिट्टी आणि वेळापत्रक एवढं पुरे आहे, आणि ते वेळापत्रक आखण्याचा अधिकार जिल्ह्याच्याच क्रीडा अधिकाऱ्याकडे आहे.